खोलीच एक्केचाळीस अंशांवर असेल तर

उत्साही: मामा, यंदा लग्नसराई सुरू व्हायच्या आत हार्डडिस्कचं केसिंग बदलायचंच, असं ठरवलंय. सध्याचा काळा प्लॅस्टिकचा डबा एप्रिलच्या दुपारी इतका तापतो की त्यावर हात ठेववत नाही. आणि आत आहे काय? हदगावातल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या लोकांची लग्नं, हळदी, बारशी. एका लग्नाचे दोन-अडीचशे जीबी सहज होतात. दोन कॅमेरे आणि वर ड्रोन असेल तर तीनशे. म्हणून ॲल्युमिनियमचं, आत हवा खेळेल असं, मागे ऐंशी मिलिमीटरचा पंखा असलेलं केसिंग घ्यायचं. चाळीस मिलिमीटरचे चिमुकले पंखे नकोत. तेवढीच हवा ढकलायला ते जीव खाऊन फिरतात, रात्रभर कुंईकुंई करतात आणि लवकर घासतात. डिस्क गार राहिली की जास्त टिकते, यात वादाचं काय?

साशंक: वाद तिथेच आहे, बाबा. गार राहिली की टिकते हे सगळे म्हणतात, कारण ऐकायला पटतं. गूगलने २००७ साली स्वतःच्या एक लाखाहून जास्त हार्डडिस्कांचा हिशेब मांडला. कोणती किती तापली, कोणती केव्हा गेली, सगळं नोंदवलेलं. त्यात निघालं काय? मधल्या पट्ट्यात तापमान वाढलं म्हणून डिस्का जास्त गेल्या नाहीत. उलट फार गार राहिलेल्यांतच बिघाड अधिक दिसले. तीन वर्षं उलटलेल्या आणि फारच तापलेल्या डिस्का तेवढ्या अपवाद. पुढे २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठमोठ्या डेटा सेंटरांची आकडेवारी घेऊन हाच प्रश्न पुन्हा तपासला. उष्णतेचा परिणाम त्यांनाही दिसला, पण नेहमीची सूत्रं सांगतात त्याहून बराच सौम्य. आता दुरुस्तीला माझ्या टेबलावर काय येतं ते सांगतो. हातातून पडलेली डिस्क. चालू असताना पोराने वायर ओढलेली डिस्क. लाइट जाऊन धाडकन परत आली आणि ॲडॅप्टर उडाला, अशी डिस्क. आणि कित्येकदा तर डिस्क धडधाकट असते, केसिंगमधली यूएसबीची बोटभर पट्टी तेवढी जळालेली असते. उन्हाने मेली म्हणून छातीठोक सांगावं अशी क्वचितच. तू ज्या चोराला कुलूप लावतोयस तो या गल्लीत फारसा येतच नाही.

उत्साही: तो गूगलचा अभ्यास मीही ऐकून आहे. पण मामा, तो कुठल्या खोलीत झाला ते बघा की. डेटा सेंटरमध्ये. तिथे भिंतीएवढे एसी, फरशीखालून गार हवा. तिथली डिस्क 'तापली' म्हणजे पंचेचाळीस, फार तर पन्नास अंश. टोरांटोवाल्यांचे आकडेही पन्नासच्या आतले. त्यापुढे काय होतं हे त्यांना कळावं कसं? तिथवर त्यांची डिस्क गेलीच नाही. आणि आमचं दुकान म्हणजे स्लॅबखालचा गाळा, पश्चिमेला शटर. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, आत एक्केचाळीस धरा. आता तयार एक्स्टर्नल हार्डडिस्कच्या माहितीपत्रकात बघा. चालवताना हवा किती गरम चालेल, तर बहुतेक ठिकाणी ५ ते ३५ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. तीच डिस्क नुसती घेतली, डब्याशिवाय, तर तिच्या अंगाची मर्यादा बहुतेक वेळा ६० असते. मग मधले पंचवीस अंश गेले कुठे? डब्याने खाल्ले! कंपनीनेच गृहीत धरलंय की बंद डब्यात डिस्क खोलीपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी वर जाणार. पुण्यात एसीच्या खोलीत सव्वीस अंशांवर बसलेल्या माणसाची डिस्क बंद डब्यात अठ्ठेचाळीसला जाते. त्याला पंखा लावला काय अन् न लावला काय, सारखंच. माझी डिस्क त्याच डब्यात त्रेसष्टला जाते. पंख्याने हा फरक दहा अंशांवर आणला तर मी एक्कावन्नवर थांबतो. पुण्यातल्याचा पंखा ही हौस असेल, माझा पंखा म्हणजे मर्यादेच्या आत राहायचं की बाहेर जायचं याचा निकाल आहे.

(लेखकाची लुडबुड: कोणत्या जागेवरून केलेला अभ्यास कोणत्या जागेला लावायचा, हा प्रश्न मराठवाड्यात फक्त हार्डडिस्कपुरता नाही. बियाण्यांच्या पिशवीवरचा उतारा वाचणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पण आपण डब्यातच राहू.)

साशंक: हिशेब चांगला मांडलास. आता त्यातला वेळ काढ. त्रेसष्ट अंश म्हणतोस, ते केव्हा? साडेतीन इंची डिस्क काम करताना सहा ते नऊ वॅट खाते, त्याचीच सगळी उष्णता होते. पण ती अर्धा-पाऊण किलोची धातूची वीट आहे, लगेच तापत नाही. पूर्ण तापायला तिला तास-सव्वा तास लागतो. तुझं तीनशे जीबीचं लग्न कार्डांवरून उतरवायला किती वेळ? डिस्क सेकंदाला दीडशे एमबी लिहिते असं धरलं तर अर्धा तास. कार्ड रीडर मंद असेल तर तास म्हण. म्हणजे ती पुरती तापायच्या बेतात येते तोवर तुझं काम झालेलं असतं. काढ, ठेवून दे. ती तापते ती कशाने? तू ती सकाळी दहाला जोडतोस आणि रात्री दहाला काढतोस म्हणून. हा डब्याचा दोष नाही, सवयीचा आहे. आणि दुसरं म्हणजे, मे महिन्यातसुद्धा पहाटे पाच वाजता बाहेर सत्तावीस-अठ्ठावीस असतं. शटर अर्धं वर केलंस तर दुकान तीस-बत्तिसावर येतं. तोच प्लॅस्टिकचा डबा, तीच डिस्क, आणि तुझ्याच हिशेबाने पंचावन्नच्या आत. खर्च शून्य. लवकर उठायचं तेवढं.

उत्साही: तुम्ही वैशाखात एकदा माझ्याबरोबर चला, मग पहाटेचं बोला. संध्याकाळचं लग्न उमरखेडच्या बाजूला, घरी यायला रात्रीचा एक, सकाळी नऊला दुसरीकडे हळद. मधल्या वेळात कार्डं रिकामी झालीच पाहिजेत, नाहीतर उद्याचं शूट कशावर करायचं? रात्री एक वाजताही तो स्लॅब दिवसभराचं ऊन परत देत असतो. खोली छत्तीसच्या खाली येत नाही. आणि कॉपी म्हणजे सुरुवात हो. खरं काम एडिटिंगचं. एडियसमध्ये टाइमलाइन उघडली की व्हिडिओ त्याच डिस्कवरून धावतो. सगळं लॅपटॉपमध्ये मावत नाही. दिवसभर काम, पुन्हा रात्री रेंडर. "काढ, ठेवून दे" हे ज्याला डिस्क कपाटात ठेवायची त्याच्यासाठी ठीक आहे. माझी डिस्क कामावर असते. मुहूर्त मी काढत नाही, मामा. लोकांनी लग्नं डिसेंबरात लावली तर मी उद्या पंखा काढून टाकतो.

साशंक: बरं, डिस्क कामावर आहे हे मान्य. मग तुझा पंखा तपासू. पहिली गोष्ट, पंखा हवा हलवतो, गार करत नाही. माठातलं पाणी खोलीपेक्षा गार होतं, कारण ते झिरपतं आणि वाळतं. पंख्याच्या डब्यात असं काही घडत नाही. तू लाखाचा डबा आण, डिस्क एक्केचाळीसच्या खाली जाणार नाही. म्हणून सगळं अवलंबून आहे ते खोलीवर, आणि त्या खोलीसाठी तू छदामही काढत नाहीस. दुसरी गोष्ट धुळीची. आपल्याकडे कापूस निघाला की जिनिंगची तूस हवेत, मळणी सुरू झाली की भुसा हवेत, आणि हायवेचा फुफाटा बारा महिने. बंद डब्यात ही घाण जात नाही. तुझा पंखा ती ओढून आत आणणार. एका हंगामात जाळीवर गोधडी तयार होते, पात्यांवर थर बसतो, पंखा अडखळायला लागतो आणि एक दिवस गुपचूप थांबतो. पंखा थांबला हे तुला सांगणार कोण? बिनपंख्याचा डबा बिनपंख्याच्या हिशेबाने केलेला असतो. पंख्याच्या डब्यातला पंखा मेला की तो सगळ्यात वाईट डबा.

उत्साही: एकदम बरोबर. म्हणून मी नुसता पंखा बघत नाही, आत काय आहे ते बघतो. दुकानात ॲल्युमिनियमचे म्हणून जे डबे येतात त्यांतले बरेच फक्त कातडीने ॲल्युमिनियमचे. उघडून बघा, आत प्लॅस्टिकचा ट्रे, त्यात डिस्क अधांतरी, आणि डिस्क-डब्यात चहूबाजूंनी बोटभर हवेची पोकळी. कोंडलेली हवा म्हणजे रजईच. अशा डब्याला बाहेरून हात लावला तर गार लागतो, आणि गिऱ्हाईक खूश होतं. खरं म्हणजे गार लागतोय हीच तक्रार पाहिजे. उष्णता आत अडकलीय, बाहेर आलेली नाही. चांगल्या डब्यात डिस्कच्या बाजू थेट धातूच्या रुळांना टेकतात, स्क्रू आरपार कसलेले असतात, नाहीतर मध्ये उष्णता वाहणारा मऊ पॅड असतो. असा डबा बाहेरून चटका देतो. द्यायलाच पाहिजे. पॅड लावताना एक भान ठेवायचं. साध्या हार्डडिस्कला श्वासाचं एक बारीक भोक असतं, आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून. शेजारी सूचनाही छापलेली असते की हे झाकू नका. आमच्या लाइनमधले लोक त्याच्यावरच स्टिकर मारतात, "पाटील लग्न, भाग दोन".

साशंक: हे मात्र तू कामाचं बोललास. म्हणजे तुझा आधीचा काळा डबा चटका देत होता ते कदाचित त्याचं चांगलंच लक्षण होतं?

उत्साही: कदाचित. हाताने काय कळणार? म्हणूनच माझी शेवटची अट पंख्याहून महत्त्वाची आहे. डिस्कच्या आत स्वतःचा तापमापक असतो. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकटचा प्रोग्रॅम उघडला की आकडा समोर दिसतो. पण तो आकडा यूएसबीच्या त्या पट्टीतून यावा लागतो. काही केसिंग तो येऊच देत नाहीत, तापमानाच्या जागी नुसत्या रेघा. असा डबा मी कितीही स्वस्त मिळाला तरी घेणार नाही. आणि तुमच्या मेलेल्या पंख्याचंही उत्तर यातच आलं. पंखा थांबला की आकडा चढतो.

साशंक: बघितला तर! चढलेला आकडा बघायला माणूस लागतो, आणि माणूस रेंडर लावून झोपलेला असतो. असो. माझं म्हणणं ऐकून घे. मी तुला डबाच घेऊ नको म्हणतोय. उघडा डॉक घे. डिस्क त्यात नागडी उभी राहते, दोन्ही बाजूंनी हवा, गरम हवा आपोआप वर निघून जाते. समोर टेबलफॅन लाव, जो तुझ्याकडे आहेच. त्याचं पातं मोठं आहे, धूळ बसली तर डोळ्याला दिसते, आणि थांबला तर तुलाच घाम फुटून कळेल. कुठलंही केसिंग याला मागे टाकणार नाही. मात्र कुलरच्या तोंडापुढे ठेवू नको. कुलरने खोली गार झाली तर उत्तमच, पण थेंब उडाले तर बोअरचं पाणी आहे, वाळून पांढरा क्षार उरतो, आणि तो कनेक्टरवर बसला की माझ्याकडे यायचं.

उत्साही: उघडी डिस्क टेबलावर उभी, खाली लहान पोरं, भिंतीवर पाली, गिऱ्हाइकाच्या हातात चहा. आत्ताच तुम्ही म्हणालात, डिस्का पडून मरतात. उष्णतेपासून वाचवून धक्क्याच्या तोंडी द्यायची का? फिरणारी डिस्क आडवी झाली तर हेड खरवडलंच समजा. मग सरळ हार्डडिस्कच सोडतो ना. एनव्हीएमई एसएसडी, तिचं बोटभर केसिंग. फिरणारं काही नाही, पडली तरी फिकीर नाही. तापते खरी, एवढ्याशा चिपवर सगळा भार येतो आणि सत्तरच्या आसपास गेली की स्वतःच वेग कमी करते. तिथे तर केसिंगची निवड अजून महत्त्वाची. यूएसबीच्या पट्टीवरची काही सर्किटं जास्तच तापतात. जेएमएस५८३ त्यासाठी बदनाम होतं, त्यामानाने आरटीएल९२१० गार. चिपला पॅड, पॅडला ॲल्युमिनियम, पंखा नको, धूळ नको. तुमचे सगळे आक्षेप संपले.

साशंक: संपले नाहीत, कपाटात गेले. हार्डडिस्क गरमीने मरते ती चालू असताना. एसएसडीचं वेगळं. तिच्यात माहिती म्हणजे चिपमध्ये कोंडलेला विद्युतभार. तो हळूहळू गळतो, आणि उष्णतेत जास्त वेगाने गळतो, डिस्क बंद पडून असताना! जेडेक नावाची जी संस्था मापदंड ठरवते, तिच्या हिशेबात साध्या एसएसडीची लिहिण्याची क्षमता संपत आली असताना ती बंद ठेवली, तर तीस अंशांत वर्षभर माहिती टिकायला हवी. सर्व्हरच्या एसएसडीला अट आहे चाळीस अंशांत फक्त तीन महिने. नवी डिस्क याहून पुष्कळ जास्त टिकते, घाबरवत नाही तुला. पण मापदंडाने धरलेले तीस अंश हदगावच्या लोखंडी कपाटात वर्षातले किती महिने मिळतात? तिथे ना पॅड उपयोगाचा ना ॲल्युमिनियम, कारण डिस्क स्वतः उष्णता करतच नाही, खोलीची सोसते. तू केसिंग निवडतोस ते कामाच्या डिस्कसाठी. लोकांची लग्नं मात्र पडून असलेल्या डिस्कमध्ये असतात.

(इथे दोघेही पहिल्या प्रश्नापासून लांब आलेले दिसतील. मला तसं वाटत नाही. गार ठेवणारा डबा कोणता, हे विचारताना कोणाची उष्णता हे विचारायचं राहून गेलं होतं. डिस्कची स्वतःची असेल तर डबा ती बाहेर काढेल. खोलीची असेल तर चांगला डबा आणि वाईट डबा शेवटी एकाच तापमानाला येतात.)

उत्साही: म्हणजे कामासाठी पंख्याची हार्डडिस्क आणि पडून ठेवायलाही हार्डडिस्कच. हे तर मी आत्ता करतोच आहे. मग तुमचा सल्ला नक्की काय?

साशंक: पंख्याच्या डब्याचे पैसे दुसऱ्या डिस्कमध्ये घाल. एकाच डिस्कवर लग्न असेल तर ती पन्नासवर राहिली काय, साठवर गेली काय, एक दिवस जाणारच आहे. दोन डिस्का वेगवेगळ्या जागी असतील तर दोन्ही एकाच दिवशी जाणार नाहीत. तापमानाशी भांडण्यापेक्षा संख्या वाढव. एक दुकानात, एक घरी, तिसरी प्रत गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर देऊन टाक, मोकळा हो.

उत्साही: आणि गिऱ्हाईक ती कुठे ठेवणार? पत्र्याच्या घरात, ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. मेमध्ये त्या पत्र्याखाली काय तापमान असेल ते तुम्ही सांगा. पेनड्राइव्हमध्ये तीच चिप, आणि तीही बहुतेक वेळा हलकी. तुमच्याच कपाटाच्या हिशेबाने ती प्रत सगळ्यात आधी विरघळायची. आणि विरघळली हे कुणाला कळणारही नाही, कारण ती बघायची आठवण होणार पोरगं शाळेत जायला लागल्यावर. तुम्ही प्रती वाढवताय, पण ज्या खोल्यांवर कुणाची नजर नाही अशा खोल्यांत वाढवताय. माझा एकच डबा का असेना, त्याचा आकडा मला रोज दिसतो.

साशंक: दिसतो, आणि ज्या दिवशी दिसायचा बंद होतो त्या दिवशी सगळंच बंद होतं. नजरेखालची एक की नजरेआडच्या तीन, असं विचारशील तर मी तीन म्हणेन. पण त्या तीनही प्रती दर उन्हाळ्यानंतर कुणीतरी उघडून, वाचून बघायच्या, ही अट घालूनच.

उत्साही: कुणी? गिऱ्हाईक बघणार नाही. मी बघायचं म्हटलं तर दरसाल जुनी होत जाणारी लग्नं उघडत बसायचं, त्याचे पैसे कोण देणार? पंख्याच्या डब्याचा खर्च एकदाच असतो, मामा.

साशंक: तेच तर. तुझा खर्च एकदाचा आहे म्हणून तो सोपा वाटतो. मला एवढं सांग, तुझ्या दुकानात पाच वर्षांपूर्वीच्या लग्नांची डिस्क आहे ना? ती शेवटची जोडलीस कधी?

उत्साही: तिचं केसिंग यूएसबी दोनचं आहे. ॲडॅप्टर कुठे ठेवलाय बघावं लागेल.